१९८६ चे सेल्टिक्स, १९९६ चे बुल्स, २०१७ चे वॉरियर्स: तुलना करायची तर नियम कुठले?

बँकशॉट

एनबीएची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, फायनल संपली की दरवर्षी पुण्याच्या ग्रुपवर आजवरचा सगळ्यात भारी संघ कोणता हा वाद निघतो आणि 'तेव्हाचा डिफेन्स' विरुद्ध 'आत्ताचं शूटिंग' इथे येऊन रुततो. या धाग्यावर उलटीकडून सुरुवात करूया. आधी नियम ठरवायचे, मग आकडे एका मापात आणायचे, मॅचअप सगळ्यात शेवटी. 'कोण जिंकेल' हा प्रश्न नियमपुस्तक ठरवल्याशिवाय सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य संघ तीन धरतो.

१९८५-८६ बोस्टन सेल्टिक्स: ६७-१५ (६७ विजय, १५ पराभव), घरच्या कोर्टवर ४०-१, प्लेऑफमध्ये १५-३. बर्ड, मॅकहेल, पॅरिश, डेनिस जॉन्सन, एंज, आणि बेंचवरून बिल वॉल्टन.

१९९५-९६ शिकागो बुल्स: ७२-१०, प्लेऑफमध्ये १५-३. जॉर्डन, पिपेन, रॉडमन, हार्पर, लाँगली. बेंचवर कुकोच आणि स्टीव्ह कर.

२०१६-१७ गोल्डन स्टेट वॉरियर्स: ६७-१५, प्लेऑफमध्ये १६-१. करी, थॉम्पसन, ड्युरंट, ग्रीन, पाचुलिया. इग्वाडाला बेंचवरून.

७३-९ वाले वॉरियर्स का नाहीत हे कोणीतरी विचारणारच. ते २०१६ ची फायनल ३-१ ने पुढे असताना क्लीव्हलँडकडून ४-३ हरले. इथे फक्त विजेते घेऊ.

आता नियम. थ्री पॉइंट रेषा एनबीएत १९७९-८० ला आली: वर ७.२४ मीटर, कोपऱ्यात ६.७१. १९९४-९५ ते १९९६-९७ हे तीनच सीझन ती सगळीकडे ६.७१ वर आणली होती, म्हणजे बुल्सचे ७२ विजय आखूड रेषेवरचे आहेत. झोन डिफेन्स (ठरावीक माणसाऐवजी ठरावीक जागा राखणं) २००१-०२ पर्यंत बेकायदा होता. पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळेपासून टेक्निकल फ्री थ्रो. २००१-०२ ला झोन खुला झाला आणि त्याच वेळी डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा नियम (कोणाला न राखता रिंगसमोर तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही) आला. बॉलवाल्याला हाताने अडवून दिशा बदलायला लावणं, म्हणजे हँडचेक, १९९४-९५ ला कमी केलं आणि २००४-०५ पासून रेषेजवळ जवळपास बंदच केलं.

या तीन गोष्टी सोडून केलेली कुठलीही तुलना अर्धवट आहे.

लो_पोस्ट

उत्तम सुरुवात. एक भर घालतो, संघांची संख्या. १९८५-८६ ला लीगमध्ये २३ संघ होते आणि १९८० च्या डॅलसनंतर नवा संघ आलेला नव्हता. १९७६ ला एबीएचे, म्हणजे तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगचे, खेळाडू आत आले होते. म्हणजे चांगले खेळाडू कमी संघांत दाटून बसलेले. १९९५-९६ ला संघ २९. शार्लट, मायामी, मिनेसोटा, ऑरलँडो, टोरंटो, व्हँकुव्हर हे सहा १९८८ पासून वाढलेले. व्हँकुव्हर त्या वर्षी १५-६७, टोरंटो २१-६१. सेल्टिक्सच्या ६७ विजयांचं वजन त्यामुळे जास्त आहे.

सहावा_गडी

काका, त्याच टोरंटोने मार्च १९९६ मध्ये बुल्सला १०९-१०८ हरवलं होतं. :)

पण मुद्दा मान्य. फक्त तो दोन्ही बाजूंनी लावा. १९८६ ला अमेरिकेबाहेरचे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आता सीझनच्या सुरुवातीला सव्वाशेच्या आसपास असतात. संघ वाढले तशी खेळाडू येण्याची वाटही रुंद झाली. १९९६ साली मात्र संघ वाढले होते आणि बाहेरून येणारे अजून थोडे होते, त्यामुळे तुमचा आक्षेप बुल्सना लागतो, वॉरियर्सना नाही.

गणिती_गार्ड

आकड्यांचं काम माझ्याकडे द्या.

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे प्रतिसामना गुण. १९९६ च्या वर्ल्डकपमधले २५० आणि आजच्या वनडेतले २५० आपण सारखे धरत नाही, तसंच इथे. १९७१-७२ चे लेकर्स घ्या, सलग ३३ सामने जिंकणारे, ६९-१३. सरासरी १२१.० गुण केले, १०८.७ दिले, फरक १२.३. बुल्स १९९६: केले १०५.२, दिले ९२.९, फरक साधारण तेवढाच. पण लेकर्सच्या सामन्यात प्रत्येक संघाला ११० च्या आसपास पझेशन (बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या) मिळायची, बुल्सच्या सामन्यात ९१. तेवढाच फरक बुल्सनी कितीतरी कमी संधींत काढला. दर १०० पझेशनला मोजलं तर लेकर्स +११ च्या जरा वर, बुल्स +१३.४.

पझेशन काढायची रीत (ऑफेन्सिव्ह रिबाउंड म्हणजे आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं, टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच बॉल गमावणं):

शॉट + (०.४४ × फ्री थ्रो) − ऑफेन्सिव्ह रिबाउंड + टर्नओव्हर

उदाहरण: ८८ शॉट, २२ फ्री थ्रो, ११ ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १४ टर्नओव्हर. ८८ + ९.७ − ११ + १४ = १००.७. संघाने ११२ गुण केले असतील तर ११२ भागिले १००.७ गुणिले १००, म्हणजे १११.२. हे झालं ऑफेन्सिव्ह रेटिंग. प्रतिस्पर्ध्याचं असंच काढलं की आपलं डिफेन्सिव्ह रेटिंग.

०.४४ कुठून आलं? दोन फ्री थ्रो म्हणजे एक पझेशन धरलं तर ०.५ यायला हवं. पण बास्केट झाल्यावरचा जादा एक, टेक्निकलचा एक, थ्रीवरच्या फाऊलचे तीन, यांमुळे फ्री थ्रो जास्त आणि संपलेली पझेशन कमी होतात. म्हणून ०.४४.

कुठे फसतं ते ध्यानात ठेवा: ऑफेन्सिव्ह आणि डिफेन्सिव्ह रिबाउंड एनबीएत १९७३-७४ पासून वेगळे नोंदले जातात. स्टील आणि ब्लॉकही तेव्हापासूनच. त्याआधीच्या संघांची पझेशन अंदाजानेच निघतात. १९७२ चे लेकर्स, १९७१ चे बक्स, रसेलचे सेल्टिक्स यांच्यासमोर दशांश लिहू नका.

दर १०० पझेशनचा फरक:

बुल्स १९९६: +१३.४
वॉरियर्स २०१७: +११.६
सेल्टिक्स १९८६: +९ च्या थोडं वर
जोडीला सेल्टिक्स २०२४ (६४-१८): +११.५ च्या आसपास
थंडर २०२५ (६८-१४): +१३ च्या जवळ. प्रतिसामना १२.९ हा एनबीएतला आजवरचा सगळ्यात मोठा फरक.

पेठकरी

मग विषय संपला की! बुल्स.

गणिती_गार्ड

नाही संपला. लीगची सरासरी वजा करायची राहिली आहे. बुल्सचं ऑफेन्सिव्ह रेटिंग ११५.२ आणि त्या वर्षीची लीगची सरासरी १०७.६, म्हणजे +७.६. वॉरियर्स २०१७ चं ११५.६, लीग १०८.८, म्हणजे +६.८. डिफेन्समध्ये बुल्स सरासरीपेक्षा ५.८ ने चांगले, वॉरियर्स ४.८ ने. बुल्स दोन्हीकडे एकेक गुणाने पुढे आहेत आणि लो_पोस्ट काकांचा एक्स्पान्शनचा (वाढलेल्या संघांचा) आक्षेप नेमका इतक्या फरकाएवढा आहे. मुद्दाम सांगतो, हे आकडे 'आपल्या काळाच्या किती वर' एवढंच सांगतात. समोरासमोर आणल्यावर काय होईल हे त्यातून निघत नाही.

आणि दोन गुणांचा फरक म्हणजे नेमका किती? एका सामन्यातला फरक सरासरीच्या आजूबाजूला साधारण १२ गुणांनी हलतो असं धरा. मग दोन गुणांनी सरस संघ एक सामना शंभरात ५६-५७ वेळा जिंकतो. सात सामन्यांची मालिका शंभरात ६४ वेळा. उरलेल्या ३६ वेळा 'कमी' संघ ट्रॉफी नेतो. म्हणून १६-१ आणि १५-३ यांत जमीन-अस्मानाचा फरक पाहू नका.

कोपऱ्यातली_थ्री

रेषेबद्दल एक गोष्ट सुटते आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते.

जॉर्डनचं थ्रीचं शूटिंग १९९५-९६ ला ४२.७ टक्के, १९९६-९७ ला ३७.४ टक्के. रेषा मागे गेली त्या १९९७-९८ ला २३.८ टक्के. स्टीव्ह करचं ५१.५ वरून १९९७-९८ ला ४३.८. करसारखा शूटर मागे सरकूनही ४४ टक्के मारतो, तर जॉर्डनची थ्री रेषेसोबत येते-जाते. तेव्हा बुल्सना २०१७ च्या कोर्टवर उभं करताना जॉर्डनचे ४२.७ सोबत न्यायचे नाहीत. कारकिर्दीची त्याची सरासरी ३२.७ आहे, ती धरा.

आता हिशोब बघा. ३६ टक्क्यांनी थ्री मारली तर एका शॉटला १.०८ गुण. तेवढेच दोनच्या शॉटवर मिळवायला ५४ टक्के लागतात. पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या जागेच्या) बाहेरून उडी मारून ५४ टक्के फार क्वचित कोणी मारतं. १९९५-९६ ला लीगमधला संघ सामन्याला १६ थ्री मारायचा, २०१६-१७ ला २७. १९८५-८६ ला तर तीन-साडेतीन. बर्डने त्या अख्ख्या सीझनमध्ये १९४ थ्री मारल्या आणि ८२ घातल्या, ४२.३ टक्के. करीने २०१५-१६ ला ८८६ मारून ४०२ घातल्या. बर्डचा हात कमी नव्हता. त्याच्या संघाच्या सेटमध्ये ती थ्री मागितलीच जात नव्हती.

लो_पोस्ट

बर्डबद्दल शंभर टक्के सहमत. आजचा कोच त्याला सामन्याला आठ-नऊ थ्री मारायला लावेल.

पण मग उलटही बघा. मॅकहेल लो पोस्टवर (रिंगजवळ, रिंगकडे पाठ करून) १९८६ च्या नियमांनी खेळला तर त्याच्यावर दुसरा माणूस पाठवायचा असेल तर तो खरोखर डबल टीमला जायला लागायचा, मध्ये कुठेतरी लोंबकळत राहता यायचं नाही. ड्रेमंड ग्रीनचं निम्मं काम म्हणजे ते लोंबकळणंच आहे! आपल्या माणसापासून तीन पावलं आत, एक डोळा बॉलवर, पास निघाला की झडप. १९८६ किंवा १९९६ च्या रेफरीसमोर त्याने ते केलं तर पहिल्या क्वार्टरमध्येच ताकीद आणि मग फ्री थ्रो. ग्रीन ६ फूट ६ इंचाचा, मॅकहेल ६ फूट १० आणि हात त्याहून लांब. एकट्याने सांभाळायचं म्हटलं तर जड आहे.

बँकशॉट

आणि तेच २०१७ च्या नियमांनी उलटं होतं. पॅरिश किंवा वॉल्टनला करीच्या पिक अँड रोलवर (साथीदार डिफेंडरच्या वाटेत उभा राहून बॉलवाल्याला मोकळं करतो ती चाल) आठ मीटरवर बाहेर यावं लागेल. ते मागे थांबले (आज ज्याला ड्रॉप म्हणतात) तर करी स्क्रीनवरून थेट थ्री मारणार. बाहेर आले तर ग्रीनला पास, आणि आत चारास तीन. १९८६ च्या कुठल्याच सेंटरला हे रोज करावं लागत नव्हतं. वॉल्टनला पायांच्या दुखापतींचा इतिहास आहे, त्याला चार क्वार्टर बाहेर पळवणं अवघड.

बुल्सची स्थिती मधली आहे. हार्पर, जॉर्डन ६ फूट ६, पिपेन ६ फूट ८, रॉडमन ६ फूट ७. चौघेही एकमेकांचा माणूस घेऊ शकतात. लाँगलीला काढून कुकोच घातला की पाचही जागी स्विच करणारा संघ १९९६ मध्येच तयार आहे. वॉरियर्सविरुद्ध हीच पाच माणसं शेवटची सहा मिनिटं खेळतील.

पण रॉडमन आणि हार्पर दोघे एकत्र असले की बाहेरून धोका नाही. हार्परचं थ्रीचं शूटिंग त्या वर्षी आखूड रेषेवरूनही जेमतेम २७ टक्के. २०१७ चे वॉरियर्स त्या दोघांना मोकळं सोडून जॉर्डनसमोर भिंत उभी करतील. १९९६ मध्ये ते बेकायदा होतं.

सहावा_गडी

१९९६ च्या फायनलमध्ये याची झलक आहे. चौथ्या सामन्यापासून सिएटलने गॅरी पेटनला जॉर्डनवर लावलं. हार्परचा गुडघा दुखावलेला. बुल्स ३-० वरून ३-२ वर आले. जॉर्डनची त्या मालिकेची सरासरी २७.३ आणि शूटिंग ४१.५ टक्के. एक चांगला डिफेंडर आणि मागे मदत मिळाली तर हाच ऑफेन्स अडखळतो.

पण ते सहावा सामना जिंकले, कारण ऑफेन्सिव्ह रिबाउंड. रॉडमन त्या सीझनला सामन्याला ५.६ ऑफेन्सिव्ह रिबाउंड काढत होता. शॉट चुकला तरी पझेशन संपत नाही. थ्री चुकल्या की रिबाउंड लांब उडतात आणि गार्डकडे जातात, हे खरं. तरी वॉरियर्सची छोटी पाच माणसं असताना रॉडमनला बॉक्स आउट कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

पेठकरी

म्हणजे १९९६ च्या नियमांनी बुल्स आणि २०१७ च्या नियमांनी वॉरियर्स. मग दर क्वार्टरला नियम बदलायचे का?

कोपऱ्यातली_थ्री

पेठकरी, यावर एक खरा तोडगा आहे आणि तो आपल्या हाताशी आहे. फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम. डेक्कनला, बालेवाडीला आपण ज्या नियमांनी सामने बघतो ते.

कारण बघा. फिबाची थ्री आज ६.७५ मीटर, कोपऱ्यात ६.६०. एनबीएची १९९६ ची आखूड रेषा ६.७१. चार सेंटिमीटरचा फरक! म्हणजे बुल्सचे १९९६ चे शूटिंगचे आकडे फिबा कोर्टवर जवळपास जसेच्या तसे लागू पडतात. करी आणि थॉम्पसनला तर ती अर्धा मीटर जवळ. बर्डलाही तसंच.

दुसरं, फिबामध्ये झोन खुला आणि डिफेन्सिव्ह थ्री सेकंद नाही. रिंगसमोर असं मोकळं उभं राहणं तिन्ही संघांना नवीन, त्यामुळे कोणालाच घरचा फायदा नाही. पॅरिश, लाँगली, पाचुलिया हवं तितका वेळ रिंगखाली उभे राहू शकतात. तिसरं, रिंगला लागून गेलेला बॉल रिंगवर असताना कोणीही ढकलू शकतो. एनबीएत ते बेकायदा, गोलटेंडिंग. वॉल्टन आणि पॅरिशसाठी ही सोन्याची खाण. चौथं, ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर घड्याळ १४ सेकंदांवर येतं. तिन्ही संघांच्या काळात ते एनबीएत २४ वर यायचं, कारण एनबीएने १४ चा नियम २०१८-१९ ला आणला. तेव्हा रॉडमनने काढलेल्या जादा पझेशनमध्ये ट्रँगल (बुल्सचा त्रिकोणी ऑफेन्स) पहिल्यापासून मांडायला वेळ नाही, पटकन बाहेर देऊन मारावं लागेल. तिथे स्टीव्ह कर कामाला येतो.

पेठकरी

ताई, कल्पना जबरदस्त. पण फिबात पाच फाऊल. लाँगली आणि ग्रीन दहा मिनिटांत बेंचवर.

गणिती_गार्ड

नाही हो. एनबीए ४८ मिनिटं, ६ फाऊल, म्हणजे आठ मिनिटांना एक. फिबा ४० मिनिटं, ५ फाऊल, आठ मिनिटांना एक. प्रमाण तेच.

४० मिनिटांचा खरा परिणाम बेंचवर होतो. मुख्य खेळाडू ३५-३६ मिनिटं खेळले तर बेंचला फार थोडं उरतं. जॉर्डन त्या वर्षी ४८ पैकी ३७.७ मिनिटं खेळत होता, करी २०१७ ला ३३.४. वॉल्टन सोडला तर सेल्टिक्सची बेंच तिघांत पातळ, त्यामुळे फायदा सगळ्यात जास्त त्यांना.

लो_पोस्ट

हे वाचून बरं वाटलं. झोनचं बघा आता. २-३ झोन (दोघे वर, तिघे खाली) फोडायचा तर फ्री थ्रो लाइनजवळ पास देणारा माणूस लागतो आणि कोपऱ्यात शूटर. सेल्टिक्सकडे बर्ड आणि वॉल्टन, दोघेही तिथून डोळे मिटून पास देतील. मॅकहेल झोनच्या पाठीमागे बेसलाइनवर. एंज कोपऱ्यात. माझ्या मते झोनविरुद्ध तिघांत सगळ्यात चांगला ऑफेन्स १९८६ चा.

बँकशॉट

झोन फोडण्यापुरतं मान्य, काका. पण त्यांना स्वतःला डिफेन्सही करायचा आहे. ६.७५ वर करी, थॉम्पसन, ड्युरंट. झोनमध्ये बर्ड, मॅकहेल, पॅरिश खालच्या ओळीत म्हटले तर कोपऱ्यापर्यंत धावणार कोण?

बुल्सना फिबा सगळ्यात जास्त मानवतो असं मला वाटतं. पिपेनचं भटकणं १९९६ मध्ये नियमाच्या कडेवर चालायचं, इथे ते पूर्ण खुलं. १-३-१ झोनमध्ये वरती पिपेन, पंखांवर जॉर्डन आणि हार्पर, मध्ये कुकोच, खाली रॉडमन. त्या लांबीतून पास काढायचा म्हणजे टर्नओव्हर होणारच, आणि वॉरियर्सचा मोकळा पासिंग गेम तिथेच निसटतो. बुल्सचे स्वतःचे टर्नओव्हर कमी. शिवाय रेषा त्यांच्या ओळखीची.

माझा कौल: २०१७ च्या नियमांनी वॉरियर्स पाच सामन्यांत. १९९६ च्या नियमांनी बुल्स सहा सामन्यांत. १९८६ च्या नियमांनी, लांब रेषा, झोन नाही, हँडचेक आहे, सेल्टिक्स बुल्सला सातपर्यंत नेतील, जिंकणार नाहीत. फिबाने बुल्स, सात सामन्यांत, वॉरियर्सविरुद्ध.

सहावा_गडी

ड्युरंटवर कोण?

बँकशॉट

पिपेन. आणि तरीही त्याचे २५ होतील. दुसरा पर्याय नाही, त्या उंचीवरून सुटलेला शॉट कोणी अडवत नाही. बुल्सनी ते २५ सोसायचे आणि करी-थॉम्पसनना रेषेपासून हलवायचं.

कोपऱ्यातली_थ्री

ज्यांना अर्धा मीटर म्हणजे किती हे पायाने समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी कोर्टवर तीन रेषा आखायची रीत देते. सिमेंटच्या कोर्टवर तासाभराचं काम.

लागणारं सामान: ओळंबा, १० मीटरची पोलादी टेप, गवंड्याची न ताणणारी लाइनदोरी, तीन रंगांचे खडू. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणली की चार-पाच सेंटिमीटर सहज वाढते आणि बुल्स-फिबा फरक तिथेच पुसला जातो.

१. रिंगच्या मधोमध ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. बेसलाइनच्या आतल्या कडेपासून ही खूण १.५७५ मीटरवर यायला हवी. नाही आली तर पोल वाकला आहे किंवा बोर्ड चुकीचा बसला आहे. अशा वेळी रिंगखालचीच खूण प्रमाण माना.
२. एकाने दोरीचं टोक खुणेवर अंगठ्याने दाबून धरायचं, दुसऱ्याने ६.२५, ६.७५ आणि ७.२४ वर गाठी मारून खडूने फिरायचं. माप रेषेच्या बाहेरच्या कडेचं असतं, म्हणून खडू गाठीच्या आतल्या बाजूला धरा.
३. फिबाची कोपऱ्यातली सरळ रेषा साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ०.९० मीटरवर.

७.२४ चा चाप कोपऱ्यापर्यंत नेऊन बघा. १५ मीटर रुंदीच्या कोर्टवर बाजूला फक्त २६ सेंटिमीटर उरतात, उभं राहायलाही जागा नाही. एनबीएचं कोर्ट थोडं रुंद आहे, १५.२४, तरी तिथेही ३८ च उरले असते. म्हणून कोपऱ्यात रेषा ६.७१ वर सरळ केली आहे. कोपऱ्यातली थ्री सगळ्यात स्वस्त आहे ती या बांधकामामुळे.

६.२५ ची रेषा कशाला? ती २०१० पर्यंतची फिबा रेषा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधली अमेरिकेची ड्रीम टीम, आठपैकी आठ सामने सरासरी ४३.८ च्या फरकाने जिंकलेली, याच रेषेवर खेळली. तिला २०२४ च्या पॅरिसमधल्या अमेरिकेच्या संघाशी, फ्रान्सला ९८-८७ ने हरवणाऱ्या, ताडून बघायचं तर हा अर्धा मीटर आधी लक्षात घ्यायला हवा.

गणिती_गार्ड

ताई, सुरेख. भर: १९९६ ची ६.७१ ची रेषा आणि ७.२४ ची रेषा यांमधली जागा एका बाजूला जवळपास १० चौरस मीटर होते. डिफेन्सला तेवढी जादा जमीन राखायची.

पेठकरी

व्हिडिओ गेमवर लावून बघितलं तर? त्यात जुने संघ असतात.

गणिती_गार्ड

गेममध्ये खेळाडूंना दिलेले गुण कोणीतरी माणसाने त्याच्या काळच्या आकड्यांवरून ठरवलेले असतात आणि नियम आजचे असतात. म्हणजे जॉर्डनची थ्री आधीच फुगलेली किंवा आधीच कापलेली. निकाल त्या एका आकड्यावर हलतो. मजा म्हणून खेळा, पुरावा म्हणून आणू नका.

सहावा_गडी

त्यापेक्षा जुने सामने बघून नोंद करणं कितीतरी उपयोगी. दोघे बसा, एक बोलेल, एक लिहील. वहीत सात रकाने: पझेशन कशी सुरू झाली (रिबाउंड, स्टील, बास्केटनंतर), किती सेकंद वापरले, पहिली ॲक्शन (पोस्ट, पिक अँड रोल, कट, एकटा), शॉट कुठून, समोर हात होता का, निकाल, आणि चुकल्यावर रिबाउंड कोणाचा.

ऑफेन्सिव्ह रिबाउंड झाला तर नवी ओळ लिहू नका, त्याच ओळीत पुढे बाण काढा. नवी ओळ लिहिली की पझेशन वाढतात आणि रॉडमनचा संघ कागदावर वाईट दिसायला लागतो. बास्केट अधिक फाऊल ही एकच पझेशन. क्वार्टरच्या शेवटच्या दोन सेकंदांत अर्ध्या कोर्टवरून फेकलेला बॉल वेगळा लिहा.

लो_पोस्ट

१९८६ चे सामने घेणार असाल तर तयारी ठेवा. पडद्यावर स्कोअर सतत नसतो, शॉट क्लॉक तर नसतोच. स्टॉपवॉच लागेल. आणि रिप्ले दाखवता दाखवता पुढची पझेशन निम्मी होऊन गेलेली असते. त्या ओळीत सेकंदांचा रकाना मोकळा सोडा, अंदाजाने भरू नका.

कोपऱ्यातली_थ्री

'समोर हात होता का' यात दोघांचं जमत नाही नेहमी. ठरवून टाका: शॉट सुटताना डिफेंडर एका हाताच्या अंतरात आणि हात खांद्याच्या वर असेल तर हो, बाकी सगळं नाही. पहिले २० शॉट दोघांनी वेगवेगळे लिहून ताडून बघा. पाचपेक्षा जास्त ठिकाणी फरक आला तर व्याख्या परत वाचून पहिल्यापासून सुरू करा.

बँकशॉट

झकास. मग वाटणी अशी: लो_पोस्ट काका १९८६ ची फायनल, ह्यूस्टनविरुद्धची. सहावा_गडी १९९६ चा चौथा, पाचवा आणि सहावा सामना. मी २०१७ चा चौथा, क्लीव्हलँडने १३७-११६ ने जिंकला तो, कारण वॉरियर्सना त्या प्लेऑफमध्ये कोणी हरवलं असेल तर तिथेच. सगळ्यांनी वरचे सात रकाने याच क्रमाने ठेवा, म्हणजे गणिती_गार्डना जोडायला सोपं जाईल.

गणिती_गार्ड

क्रमासोबत क्वार्टरही लिहा. आणि फरक २० च्या वर गेलेला असेल त्या मिनिटांवर खूण करा. ती पझेशन मी वेगळी काढणार आहे, दोन्ही बेंच आत असताना झालेल्या शॉट्सवरून या संघांबद्दल काहीच कळत नाही.